कारभारी मालक नसतो

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील महिला गटांच्या दोन दिवसांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



‘ख्रिस्ती बाप आणि मुलांना मिळालेल्या देणग्यांचा सांभाळ’ हा या सत्राचा विषय. तो ऐकून काहीजणींना वाटले असेल की हे चर्चच्या सभेत शोभते, महिला गटांच्या शिबिरात याचे काय काम? शंका रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत. नांदेड-लातूरकडे तर त्याहूनही कमी. तरीही हा विषय घेतला, त्याला दोन कारणे आहेत. मुलीच्या अंगी जो गुण आहे त्याचे पुढे काय करायचे हे बहुतेक घरांत अजून बापच ठरवतो, आणि धर्म बदलला तरी ही रीत फारशी बदलत नाही. हे एक. दुसरे असे की ख्रिस्ती धर्मशास्त्रात या जबाबदारीसाठी जो शब्द आहे, तो आपल्या मराठवाड्यातल्या बाईच्या तोंडी रोज असतो. तो शब्द म्हणजे ‘कारभारी’.

बचत गटात कर्जाची गोष्ट निघाली की आपण ऐकतो, “आमच्या कारभाऱ्याला इचारून सांगते.” शिबिराला यायचे तरी कारभाऱ्याला विचारायचे, पोरीला पुढे शिकवायचे तरी कारभाऱ्यालाच. कधी कारभारी म्हणतो, कधी मालक म्हणतो. “मालक घरी न्हाईत,” असे सांगून दारातून परत पाठवतो. दोन्ही शब्द आपण एकाच माणसाला लावतो आणि घोळ तिथेच होतो. कारण हे दोन शब्द एकमेकांच्या उलट आहेत. मालकाची वस्तू त्याची स्वतःची असते. कारभाऱ्याची नसते. दुसऱ्याने सोपवलेले तो सांभाळतो, वाढवतो आणि विचारले की हिशेब देतो. संस्थानचा कारभारी, देवस्थानचा कारभारी, इस्टेटीचा कारभारी, सगळीकडे अर्थ हाच. कारभारी हिशेब देईनासा झाला की त्याने मालकी बळकावली असे आपण म्हणतो.

मराठी पवित्र शास्त्रात ‘कारभारी’ हा शब्द याच अर्थाने येतो. लूकच्या शुभवर्तमानात हिशेबाला बोलावलेला एक कारभारी आहे. पौलाच्या पत्रात कारभारी विश्वासू असला पाहिजे अशी अपेक्षा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात प्रत्येकाला देवाकडून काही ना काही कृपादान मिळाले आहे आणि ते एकमेकांसाठी वापरणारे सगळेच कारभारी आहेत, असे सांगितले आहे. तिथे ‘प्रत्येकाला’ म्हटले आहे. फक्त मुलग्यांना असे म्हटलेले नाही.

म्हणजे श्रद्धावान ख्रिस्ती बापाला त्याच्याच शास्त्राच्या आधारे सांगता येते: मुलगी तुमची मालमत्ता नाही. तिचा गळा, तिचे गणित, तिचा हात, तिची बुद्धी देवाने तिला दिली आहे. मोठी होईपर्यंत ती तुमच्याकडे सांभाळायला आहे. तुम्ही कारभारी आहात, मालक नाही. आजच्या बोलण्याचा सगळा मुद्दा एवढाच आहे. आता तो नीट उलगडून पाहू.

रुपयांचा दृष्टान्त

ख्रिस्ती घरांत मुलांना लहानपणीच एक गोष्ट सांगतात. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात ती आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक धनी परदेशी जाताना आपल्या तीन चाकरांवर पैसा सोपवतो. एकाला पाच भाग, एकाला दोन, एकाला एक, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. पहिले दोघे व्यापार करून दुप्पट करतात. तिसरा घाबरतो आणि खड्डा खणून पैसा पुरून ठेवतो. धनी परततो, हिशेब घेतो, पहिल्या दोघांना शाबासकी देतो आणि तिसऱ्याला शिक्षा करतो. मूळ गोष्टीतले नाणे ‘टॅलन्ट’ म्हणजे एक वजन होते, मजुराची कितीतरी वर्षांची कमाई होईल एवढी चांदी. इंग्रजीत अंगच्या गुणाला ‘टॅलन्ट’ म्हणू लागले ते या गोष्टीवरूनच. आपल्याकडच्या प्रचलित मराठी अनुवादात ती रक्कम रुपयांत आली, म्हणून आपण याला रुपयांचा दृष्टान्त म्हणतो.

रविवारी या गोष्टीवर बहुधा एकच उपदेश होतो: कष्ट करा, आळस करू नका. बायकांच्या गटात बसून वाचली की आणखी तीन गोष्टी दिसतात.

एक. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी जी शाबासकी देतो ती शब्दाला शब्द सारखी आहे. दोनवाल्याला तो “पाचवाल्याकडे बघ” असे म्हणत नाही. मुलांची तुलना करणाऱ्या बापाने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दोन. तिसरा चाकर आळशी होता की नव्हता हे नंतर बघू, पण त्याने स्वतः सांगितलेले कारण भीती हे आहे. मला भीती वाटली म्हणून पुरले, असे तो म्हणतो. आपल्या घरांत मुलीचा गुण पुरला जातो तेव्हा कारण हेच असते. लोक काय म्हणतील, गावाबाहेर राहिली तर काय होईल, जास्त शिकली तर नवरा कुठून मिळेल. फरक एवढाच की गोष्टीतला चाकर स्वतःचा वाटा स्वतः पुरतो. आपल्याकडे वाटा मुलीचा असतो आणि खड्डा दुसरेच कोणी खणते.

तीन. ही गोष्ट सगळीच्या सगळी गोड मानून घ्यायची गरज नाही. शेवटी धनी एकवाल्याकडचा एक भागही काढून दहावाल्याला देतो. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते हा अनुभव आपल्या वस्त्यांवरच्या बायकांना काही नवा नाही. आपल्याकडची बरीच ख्रिस्ती घरे मूळची महार-मांग समाजातली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्या आदेशात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे इथपासून या बापांची भीती सुरू होते. एक भाग मिळालेल्या माणसाला ‘आळशी’ म्हणण्याआधी त्याला एकच का मिळाला हेही विचारले पाहिजे. बापाला जाब विचारताना त्याची परिस्थिती आपण विसरायची नाही.

लातूरची वाट कोणासाठी

आता आपल्या भागाकडे येऊ. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर माहीत आहे. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरच्या मुलांची नावे झळकू लागली, तेव्हापासून मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यातून मुले तिकडे निघाली. आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या क्लासांसाठी लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे भरलेली असतात. कोरडवाहू शेतकरी, शिक्षक, पोलीस, मिशनच्या दवाखान्यातला कर्मचारी, सगळे पोटाला चिमटा घेऊन पोराला तिथे ठेवतात. पुष्कळ घरांत आईच लातूरला खोली करून राहते, पोराला गरम डबा मिळावा म्हणून. मग गावाकडची चूल कोण सांभाळते? त्याच पोराची बहीण. भावाची अकरावी-बारावी म्हणजे बहिणीची घरकामाची दोन वर्षे.

मुलींना लातूरला पाठवतच नाहीत असे मी म्हणणार नाही. पाठवतात, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त पाठवतात. पण पैसा एकाच्याच पुरता असला की निवड कोणाची होते हे तुम्हाला सांगायला नको.

एका खेड्यातली गोष्ट सांगते. नावगाव सांगत नाही. ख्रिस्ती घर, बाप मंडळीच्या कमिटीवर, रोज रात्री घरात प्रार्थना. मुलीचे गणित असे की वस्तीवरची सातवी-आठवीची पोरे संध्याकाळी तिच्या ओट्यावर वह्या घेऊन बसतात. दहावीला तिला गणितात भावापेक्षा जास्त गुण. भाऊ लातूरला क्लासला गेला आणि हिला नर्सिंगला घालायचे ठरले, तेही ‘लग्न जमेपर्यंत’. मी बापाला विचारले, “दादा, पोरीचं गणित देवानं दिलंय असं तुम्हीच प्रार्थनेत म्हणता ना?” ते म्हणाले, “देवानं तिला गणित दिलं ताई, पण मला पैसा नाही दिला.”

हे उत्तर खोटे नव्हते. त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. आम्ही वही काढली. मुलाचा क्लास, खोली, मेस, येणे-जाणे एका बाजूला लिहिले. मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेला पैसा, सोने, पाहुणचार दुसऱ्या बाजूला. ख्रिस्ती घरांत हुंडा नसतो असे म्हणतात, फक्त ‘मुलीला काय देणार’ एवढेच विचारतात. तोही आकडा लिहिला. मुलीच्या नावाने ठेवलेली रक्कम काही लहान नव्हती. ती तिला सासरी पोचवण्यासाठी होती, तिच्या गणितासाठी त्यात रुपया नव्हता. बाप बराच वेळ वहीकडे बघत राहिले. शेवटी एवढेच ठरले की मुलगी तालुक्याला अकरावी विज्ञानाला जाईल आणि लग्नाचे दोन वर्षे कोणी काढणार नाही. फार मोठा विजय नाही हा. पण हिशेब लिहिला गेला नसता तर हेही झाले नसते.

नर्सिंगबद्दल गैरसमज नको. मिरजेला डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले. अशा दवाखान्यांनी हजारो ख्रिस्ती मुलींना शिक्षण दिले, पगार दिला, स्वतःच्या पायावर उभे केले. दलित घरातली मुलगी पांढऱ्या पोशाखात गावात आली की सगळे गाव बघत असे. पण जे एका पिढीसाठी दार होते तेच पुढच्या पिढीसाठी चौकट होऊन बसले. ख्रिस्ती मुलगी म्हटली की नर्स किंवा बालवाडीची बाई. मुलीचा कल काय हे कोणी विचारत नाही. देणगी ओळखायची तर आधी त्या मुलीकडे नीट बघावे लागते. रीत बघून चालत नाही.

आपल्या इतिहासातले तीन बाप

पहिले अनंतशास्त्री डोंगरे, पंडिता रमाबाईंचे वडील. ते ख्रिस्ती नव्हते. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, त्याच्या आधीच ते गेले होते. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत मुलींच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना त्यांच्यापासून सुरुवात होते, म्हणून त्यांचे नाव घेते. अनंतशास्त्रींच्या गुरूंनी पेशव्यांच्या घरातल्या स्त्रीला संस्कृत शिकवले होते. ते पाहून बाईही शिकू शकते हे त्यांच्या मनात बसले. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले, जातीचा रोष पत्करला, रानात आश्रम करून राहिले. रमाबाईंचे लग्न लहानपणी लावले नाही. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात हाल होऊन ते वारले, मागोमाग रमाबाईंची आई आणि मोठी बहीणही गेली. मुलांच्या हाती शेत नाही, घर नाही. होती ती विद्या. तिच्याच जोरावर रमाबाई भावाबरोबर चालत कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटले.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर अर्धी राहते. याच अनंतशास्त्रींनी चव्वेचाळीसाव्या वर्षी नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. थोरल्या मुलीचे लग्नही त्यांनी लहानपणीच लावून दिले आणि ते दुःखाचे ठरले. आणि रमाबाईंना प्रत्यक्ष पहाटे उठवून शिकवले ते आईने, लक्ष्मीबाईंनी. तोवर वडील म्हातारे झाले होते. इतिहासात श्रेय बापाच्या नावावर जमा झाले आणि पहाटेची मेहनत आईची होती. आपण दोघांचीही नोंद ठेवू.

दुसरे रेव्हरंड सोराबजी खरसेटजी. पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले, नाशिक आणि पुण्याकडे काम केलेले. त्यांची मुलगी कॉर्नेलिया १८६६ मध्ये नाशिकला जन्मली. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवली. विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती तेव्हा सोराबजींनी आपल्या मुलींसाठी ती ठोठावली. कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. बाई म्हणून तिला इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. तरी ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली, १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, आणि विद्यापीठाने तिला पदवी दिली ती तीस वर्षांनी, १९२२ मध्ये. एका बहिणीने पुण्यात शाळा काढली, एक डॉक्टर झाली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तिन्ही मुलींनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. एकीला जे जमले ते दुसरीवर लादले गेले नाही.

तिसरे नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि संसार मोडून पडला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन माहेरच्यांकडे राहिल्या. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः विचार करून ख्रिस्ती धर्म घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना टिळक आठवतील. मोठ्या मनाचे, कवी, आणि हातातला पैसा दिसेल त्याला देऊन टाकणारे. घरात उद्या काय शिजणार याचा हिशेब लक्ष्मीबाईंकडे. जेमतेम अक्षरओळख असलेल्या या बाईला टिळकांनी लिहायला प्रोत्साहन दिले हे खरे. त्यांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ तिने पुरे केले हेही खरे. पण त्या घराचा खरा कारभारी कोण होता हे पुस्तक वाचून तुम्हीच ठरवा. जगाला उदार असलेला बाप घरी हिशेबाला गैरहजर असू शकतो. आपल्या चळवळीतल्या काही पुरुष कार्यकर्त्यांनीही हे पुस्तक वाचावे.

कायदा काय सांगतो

बाप मालक की कारभारी हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातही आहे. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत सारखे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. केरळात मात्र जुन्या त्रावणकोर संस्थानच्या १९१६ च्या कायद्याने मुलीला मुलाच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातले जे कमी असेल तेच मिळे. मेरी रॉय या शिक्षिकेने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ मध्ये निकाल लागला की १९५१ पासूनच १९२५ चा कायदा तिथे लागू झालेला आहे. २०२२ मध्ये मेरी रॉय वारल्या.

आपल्याकडच्या किती ख्रिस्ती मुलींना हा सारखा हिस्सा माहीत आहे? घराचा उतारा काढताना बहिणींकडून ‘हक्कसोड’ लिहून घेतात आणि बहिणी सही करतात, कारण माहेर तुटायला नको असते. दुसरी अडचण अशी की हा कायदा मृत्युपत्र नसेल तेव्हाचा. ख्रिस्ती बापाने मृत्युपत्र केले तर सगळे एकट्या मुलाच्या नावे करायला त्याला कोणी अडवू शकत नाही. म्हणून बापाशी बोलायचे ते तो जिवंत असताना.

मुलांच्या पालकत्वाचेही तसेच. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात असे होते की बाप हयात असून अपात्र ठरलेला नसेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये. आईचा उल्लेखच नव्हता. २०१० मध्ये दुरुस्ती होऊन तिथे ‘बाप किंवा आई’ असे आले. एवढे दोन शब्द यायला एकशेवीस वर्षे लागली.

आणि एक ताजी माहिती. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. खोली आणि मेसचा खर्च उरतो हे खरे. पण ‘फी परवडत नाही’ म्हणणाऱ्या बापासमोर हा शासननिर्णय ठेवता येतो.

धर्माची भाषा वापरावी का?

काहीजणी म्हणतील, बाई, ज्या धर्मग्रंथात बाईने सभेत गप्प बसावे असे लिहिले आहे, त्याच ग्रंथाचा आधार कशाला? संविधान पुरेसे नाही का? हा वाद आपल्या चळवळीत जुना आहे. माझे म्हणणे असे. संविधान आणि कायदा हा आपला पाया आहे, त्यावर तडजोड नाही. पण रोज रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या बापाच्या घरात कायद्याची कलमे उंबऱ्याबाहेर राहतात आणि ‘कारभारी’ हा शब्द आत जातो. त्याच शास्त्रात सलाफहादाच्या पाच मुली आहेत. भाऊ नाही म्हणून बापाची जमीन का जावी, असे त्यांनी मोशेसमोर उभे राहून विचारले आणि जमीन मिळवली. पुढे त्यांच्यावर कुळातच लग्न करण्याची अट घातली गेली हेही लपवायचे नाही. ईयोबाने आपल्या मुलींना भावांबरोबर वतन दिले. बापांनी मुलांना चिडवून खचवू नये असे पौलाने बापांनाच बजावले आहे. ही वचने बापांना ठाऊक असतात. त्यांची आठवण द्यायला कोणीतरी लागते.

मात्र एका धोक्यापासून सावध राहू. ‘देवाने दिले आहे, तर देवासाठी वापर’ हे वाक्य मुलीच्या बाबतीत फार लवकर फुकटच्या राबवणुकीत बदलते. गळा चांगला, मग उपासनेत गा. अक्षर चांगले, मग मंडळीचे रजिस्टर लिही. मुलांचा लळा, मग रविवारची शाळा घे. भावाच्या गुणाला फी भरायची आणि बहिणीच्या गुणाला सेवा म्हणायचे, हा कारभार नव्हे. त्या दृष्टान्तातही रुपये बाजारात गेले तेव्हा वाढले. मुलीच्या गुणाला शिक्षण, सराव, वेळ आणि मोल मिळाले पाहिजे. त्यातून काय द्यायचे ते तिने मोठी होऊन स्वतः ठरवावे.

मुलग्यांचाही विचार करा. ज्या पोराच्या हाताला चव आहे, ज्याला आजारी आजीची सेवा मनापासून जमते, ज्याला ढोलकीवर ताल सापडतो, त्याला ‘डॉक्टरच हो’ म्हणून लातूरच्या खोलीत कोंडणारा बापही खड्डाच खणतो. दोनवाल्याकडून पाचाची वसुली करायला गेले की पोर खचते. कधी घर सोडते, कधी जीव देते.

गटात काय करता येईल

पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने चार गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली, हिशेबाची वही. घरात प्रत्येक मुलामुलीवर वर्षभरात काय खर्च झाला ते दोन रकान्यांत लिहायचे. पैशाबरोबर वेळही लिहायचा: कोणी किती तास अभ्यास केला, कोणी किती तास पाणी, भांडी, धाकटी भावंडे सांभाळली. ही वही बापाने लिहायची, आईने शेजारी बसायचे.

दुसरी, बापांची बैठक. ख्रिस्ती वस्तीत ती उपासनेनंतर घेता येईल, बौद्ध वस्तीत विहारात, इतरत्र समाजमंदिरात किंवा शाळेत. भाषण द्यायचे नाही. प्रत्येक बापाने आपल्या मुलीला काय चांगले येते एवढेच सांगायचे. किती बापांना ते सांगता येते तेच बघा.

तिसरी, मुलींना विचारणे. तुझ्यातले काय वाढावे असे तुला वाटते? आणि कोणाला ते सांगायची भीती वाटते?

चौथी, कागद. वारसाहक्क, मृत्युपत्र, हक्कसोड आणि फीमाफी यांची माहिती एका पानावर सोप्या मराठीत लिहून गटात वाचून दाखवायची. हक्कसोडीवर सही करण्याआधी बहिणीने गटाशी बोलायचे, एवढा नियम आपण आपल्यापुरता करू.

शेवटचे एक. मराठवाड्यात कितीतरी घरांत बाप नाही. कुणाचा आत्महत्येने गेला, कुणाचा दारूने, कुणाचा तोडीला गेला तो परत आलाच नाही. तिथे मुलांच्या गुणांचा सांभाळ बाईच एकटी करते, जशी रमाबाईंनी नवरा गेल्यावर मनोरमेला वाढवताना केली. गावात बायकोला कारभारीण म्हणतात, पण कारभार तिच्या हाती कोणी देत नाही. ज्या घरात तो तिच्याकडे आला आहे, तिथेही हिशेब तोच: लेकराला मिळालेले लेकराचे आहे, माझे नाही. आणि जिथे बाप आहे तिथे कारभाऱ्याला विचारून येण्याऐवजी एकदा कारभाऱ्याला हिशेब विचारून या. पुढच्या बैठकीला वह्या सोबत आणा.